पाहुणा देखणा, पण पाय पसरणारा

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात उंच फुलदाणी आणि तिच्यात पिसांसारखे मऊ, पांढुरके तुरे! लग्नाच्या मंडपातही हल्ली ते हमखास दिसतात. अनेकांना हे शरदात नदीकाठी फुलणारे आपले काशगवतच वाटते. खरे तर हे आहे पंपास गवत. त्याचे माहेर दक्षिण अमेरिकेत, अर्जेंटिना, ब्राझील, उरुग्वे, चिली या देशांत.

बागेच्या दृष्टीने हे गवत गुणी. पाने बारमाही हिरवी, तुरे दोन-तीन मीटर उंच. एकदा रुजले की पाण्याची फारशी तक्रार नाही. मात्र पानांच्या कडा करवतीसारख्या धारदार असतात. त्याचे शास्त्रीय नाव 'कोर्टाडेरिया' हेही 'कापणे' या अर्थाच्या स्पॅनिश शब्दावरूनच आले. म्हणून मुले खेळतात तिथे ते लावू नये आणि छाटणी करताना हातमोजे घालावेत.

पण खरी काळजी वेगळीच. एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियात तुऱ्यांसाठी या गवताची शेती होई आणि तेथून तुरे युरोपात जात. १९४६ मध्ये तेथील सरकारी मृदसंधारण खात्याने जमिनीची धूप थांबावी आणि गुरांना चारा मिळावा म्हणून ते मुद्दाम लावले. आज तेथेच ते उपद्रवी तण ठरले आहे. मादी झाडाच्या एका मोठ्या तुऱ्यात लाखभर बिया धरू शकतात. वारा त्या दूरवर नेतो आणि स्थानिक झाडाझुडपांची जागा हे गवत बळकावते. शिवाय ठोंबात साचणारी वाळकी पाने वणव्याला आयते सरपण! स्पेनने २०१३ मध्ये या गवतावर बंदी घातली. न्यूझीलंडमध्येही त्याच्या विक्रीला मनाई आहे.

मग घरातल्या तुऱ्यांचे काय करावे? त्यांवर केसांचा स्प्रे हलकासा मारला की त्यांची लव गळत नाही. समई, उदबत्ती यांपासून ते दूर ठेवावेत, कारण ते चटकन पेट घेतात. जुने झाले की उघड्यावर न फेकता पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात द्यावेत. आणि बागेसाठी रोप घेण्याचा मोह झालाच, तर आधी आपल्या कुंपणापलीकडे काय आहे ते पाहावे. माळरान किंवा नदीकाठ असेल, तर या पाहुण्याला फुलदाणीपुरतेच ठेवलेले बरे.