तलावाचा विषय कोणता?

भंडारा जिल्ह्यातल्या सरकारी कागदांत ‘मामा तलाव’ हा शब्द जागोजागी भेटतो. नवख्याला त्यात नात्याचा ओलावा दिसतो, पण तो ‘माजी मालगुजारी’चा कचेरीने केलेला संक्षेप आहे. गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी समाजातल्या जाणत्यांनी बांधलेले असे तलाव पूर्व विदर्भात सहा हजारांहून जास्त आहेत. १९५०च्या कायद्याने मालगुजारी ही जमीनदारी पद्धत गेली, तलाव सरकारजमा झाले आणि त्यांची वाटणी झाली. १०० हेक्टरांपर्यंत भिजवणारे जिल्हा परिषदेकडे गेले, त्याहून मोठे पाटबंधारे खात्याकडे. मासळी सहकारी संस्थांकडे आणि पाळीवरची झाडे आणखी कोणाकडे. आपल्या बी.एस्सी.ची रचनाही बरीचशी अशीच आहे. बारावीनंतर पोरगा ‘पीसीएम’ घेतो, पोरगी ‘सीबीझेड’ घेते, आणि दोघांच्या गावच्या तलावात पाणी का टिकत नाही याचे उत्तर दोघांच्याही अभ्यासक्रमात नसते. आंतरविद्याशाखीय विज्ञान पदवीची सध्या बरीच चर्चा आहे. माझ्या मते तिची कसोटी या तलावाइतकी चांगली दुसरीकडे क्वचितच सापडेल. ही पदवी म्हणजे चार विषयांची मिसळ असेल तर ती कुचकामी आहे. एखाद्या खऱ्या प्रश्नासाठी चार विषय कामाला लागत असतील, तर मात्र ती एका विषयाच्या पदवीपेक्षा अवघड आणि मोलाची ठरते.

तलावातल्या माशांचेच बघा. रोहू, कटला, मृगळ हे बाजारातले मानाचे मासे साचलेल्या पाण्यात आपणहून अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. १९५७ मध्ये हिरालाल चौधरी यांनी पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून अशा माशांचे प्रजनन करून दाखवले. तेव्हापासून बीज विकत आणून तलावात सोडण्याची वाट मोकळी झाली, आणि बीज दरवर्षी विकत घेण्याची पाळीही आली. मरळ, शिंगी, मागूर हे मासे मात्र तलावातच वाढतात आणि तिथेच पिल्ले देतात. मरळ तर पाणवनस्पतींच्या आडोशाला घरटे करते. आता त्या वनस्पतींच्या जागी बेशरम हे तण माजले, गाळाने काठ उथळ झाले, की मासा कमी होतो आणि धीवर कुटुंबाचे उत्पन्न घटते. या एका साखळीत संप्रेरकांचे रसायनशास्त्र आहे, वनस्पतिशास्त्र आहे, गाळ कसा साचतो याचे भौतिकशास्त्र आहे आणि सहकारी संस्थेचा हिशेबही आहे. यातला एक दुवा घेऊन बसलेल्याला बाकीची साखळी दिसत नाही.

हा नुसता कागदावरचा विचार नाही. मनीष राजणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भागात तलाव सुधारण्याचे जे काम उभे केले, त्याच्या सुरुवातीच्या संस्थेचे नावच ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ’ होते. निसर्ग आणि संस्कृती यांच्यामधला ‘व’ त्यात महत्त्वाचा. त्यांचा भर राहिला तो मुख्यतः अर्जुनी मोरगाव तालुक्यावर. हा तालुका आज गोंदिया जिल्ह्यात असला, तरी १९९९ पर्यंत भंडाऱ्यातच होता. तिथे धीवर बायांनी बेशरम मुळासकट उपटली, उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या तलावाच्या तळाची नांगरणी करून घेतली आणि पावसाळ्यात तिथे स्थानिक पाणवनस्पती लावल्या. कोणती वनस्पती किती पाण्यात तगते, कोणता मासा कशात लपतो, हे ज्ञान मासेमारांकडून आले. नोंदींची शिस्त अभ्यासकांनी आणली. विद्यापीठात हेच शिकवायचे म्हटले, तर प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, मृदाशास्त्र आणि समाजशास्त्र या चार विभागांना एका टेबलावर बसावे लागेल. ते टेबल अजून बहुतेक ठिकाणी आलेले नाही.

पाणी नदीत गेले की प्रश्न आणखी पसरतो. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हान वैनगंगेत, म्हणजे पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात येते. सांडपाण्यातले नत्र आणि स्फुरद हे जलपर्णीचे खत. पण धरणाचे आकडे अभियंता मांडतो, पाण्याची तपासणी रसायनशास्त्रज्ञ करतो, आणि काठच्या गावाला हवे असलेले उत्तर दोघांच्या अहवालांच्या मधल्या फटीत पडते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’. आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच चांगल्या संस्थांनी त्यावर बंदोबस्त केला. २००६ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या ‘आयसर’मधल्या पाच वर्षांच्या बी.एस.-एम.एस. अभ्यासक्रमात सुरुवातीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि गणित सगळ्यांच्या वाट्याला येतात. नंतर विद्यार्थी आपल्या विषयाकडे वळतो आणि शेवटचे वर्ष संशोधन प्रकल्पात जाते. आधी रुंदी, मग खोली, शेवटी एक प्रश्न. गणिताची भीती बाळगून जीवशास्त्रात पळून जाण्याची सोय तिथे नाही. भंडाऱ्याच्या विद्यार्थ्याने तलाव घेतला तरी सांख्यिकी आणि रसायन त्याला पक्के करावेच लागेल; नाहीतर त्याचा प्रकल्प निबंधस्पर्धेच्या पातळीवर राहील.

दुसरा आक्षेप पोटाचा, आणि तो मला जास्त वजनदार वाटतो. प्राध्यापकीला त्या त्या विषयाची पदव्युत्तर पदवी लागते. जलसंधारणातल्या अभियंत्याच्या पदांना स्थापत्याची पदविका वा पदवी मागतात, त्यामुळे तलावदुरुस्ती म्हणजे पाळीवर मुरूम टाकणे, असा अर्थ होऊन बसतो. राज्यसेवेला कोणतीही पदवी चालते, पण तेवढ्यासाठी कोणी पाणवनस्पती मोजत बसणार नाही. तेव्हा शेतकऱ्याच्या मुलीने नाव सांगता येईल असा मुख्य विषय सोडू नये, हे मी मान्य करतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्याने २०२३ मध्ये जी चौकट आखली तिच्यात मुख्य विषय, गौण विषय आणि क्षेत्रीय प्रकल्प यांचे श्रेयांक वेगवेगळे धरले आहेत. त्यामुळे मुख्य रसायनशास्त्र, गौण प्राणिशास्त्र आणि प्रकल्प गावच्या बोडीवर, म्हणजे छोट्या तलावावर, ही जुळणी नोकरीच्या अर्जात अडचण न आणता करता येण्यासारखी आहे.

तिसरा आक्षेप साधनांचा. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत जागा रिकाम्या, प्रयोगशाळा तुटपुंज्या. गौण विषयाच्या यादीतून विद्यार्थी निवडत नाही, जो शिक्षक हजर असेल त्याचा विषय त्याच्या पदरात पडतो. हे दुखणे धोरणाच्या भाषेने बरे होणारे नाही. पण तलावाच्या अभ्यासाला लागणारी पहिली साधने महागडी नाहीत: खोली मोजायला दोरी, सामू बघायला पट्टी, गढूळपणासाठी सेक्कीची काळी-पांढरी तबकडी, आणि डोंग्यातून नेणारा एखादा धीवर, ज्याला त्या दिवसाची मजुरी मिळालीच पाहिजे. खरी अडचण वेळापत्रकाची आहे. मासे अंडी घालतात तेव्हा महाविद्यालयात प्रवेशाच्या याद्या लागत असतात, आणि तळ उघडा पडून नांगरणीला येतो तेव्हा परीक्षा आणि सुट्ट्या. प्रकल्पाचे श्रेयांक मे ते ऑगस्टमध्ये द्यायचे ठरवले, तर एका परिपत्रकात हे काम होईल.