गोधडीसाठी मशीन घेताय?

दोस्तांनो, थंडी पडायला लागली की ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवलेली जुनी लुगडी, सुती साड्या, धोतरं बाहेर निघतात. गोधडी शिवायची असते ना! पण हाताने धावदोरा घालत बसायला दिवसच्या दिवस लागतात. मग घरात टूम निघते, "एक शिलाई मशीनच घेऊन टाकू या!" चमचमणारं, पन्नास तऱ्हेचे टाके घालणारं मशीन येतं आणि पहिल्याच गोधडीत कट्‌कन सुई मोडते. तसं व्हायला नको असेल तर खरेदीला जाताना आईबाबांबरोबर तुम्हीही जा. मात्र आधी एक गंमत समजून घ्या.

आपल्या हातातल्या सुईचं नेढं मागच्या टोकाला असतं, मशीनच्या सुईचं पुढच्या टोकाशी. अशी सुई असलेल्या यंत्राचं पेटंट अमेरिकेतल्या इलायस हौ याने १८४६ साली मिळवलं. सुई वरचा दोरा घेऊन कापडातून खाली जाते, तिथे तो बॉबिनच्या दोऱ्यात अडकतो आणि टाका पक्का होतो. कापड पुढे कोण सरकवतं? खालचे बारीक दाते. आणि गोम इथेच आहे! दाते ओढतात फक्त खालच्या थराला. वरचा थर दाबणीखाली घासत मागे रेंगाळतो. सदऱ्याला याने काही बिघडत नाही, पण गोधडीचे थर चार. वरच्या थराला चुण्या पडतात, कोपरे जुळत नाहीत.

म्हणून दुकानात पहिला प्रश्न हा विचारा : "याला वॉकिंग फूट बसतो का?" ही दाबणी वरच्या थरालाही दात्यांच्या जोडीने पुढे नेते. दाबणीचा दाब कमी-जास्त करता येतो का, तेही विचारा. मग सुईपासून उजव्या खांबापर्यंतची जागा मोजा. गुंडाळलेली गोधडी याच बोळातून जाणार, त्यामुळे एकेक इंच मोलाचा! पन्नास तऱ्हेच्या टाक्यांचं म्हणाल, तर गोधडीला सरळ टीप पुरते. नक्षीच्या टाक्यांसाठी जास्तीचे पैसे कशाला मोजायचे?

दुकानदार टीप दाखवतो ती एकेरी, कडक कापडावर. त्यावर कुठलंही मशीन छान चालतं! तुम्ही घरूनच जुन्या साडीचा चौपदरी तुकडा न्या आणि त्यावर हातभर टीप मारून मागा. मग तुकडा उलटून बघा. खाली दोऱ्याची गुंतवळ दिसली, तर ताण जुळवायला सांगा. जुळवूनही गुंता होतच राहिला किंवा मशीन कण्हायला लागलं, तर सरळ पुढच्या दुकानात चला.

आणि हो, आजोळी एखादं काळं, लोखंडी पायमशीन धूळ खात पडलंय का? माझं मत विचाराल तर आधी तेच बघा. जड असल्यामुळे ते हलत नाही, आणि त्याची सरळ टीप सहसा पक्की असते. तेल घाला, चामड्याचा पट्टा बदला, १६ नंबरची नवी सुई लावा. कदाचित खरेदीची गरजच उरणार नाही. यंत्रांवर एवढी टीका करणाऱ्या गांधीजींनीसुद्धा १९२४ साली सिंगरच्या शिलाई यंत्राचा अपवाद केला होता, बरं का!

मात्र सहा-सात थरांची जाड गोधडी घरगुती मशीनखाली कोंबू नका. ठिगळं जोडायची आणि कडा शिवायच्या मशीनवर, मधला धावदोरा हाताने. उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी बायका तर अख्खी 'कवंदी' हातानेच शिवतात, आणि ती बघत राहावी अशी असते.

आजीचं लुगडं एकदाच फाडता येतं. तेव्हा पहिला हात साध्या जुन्या चादरीवर बसवा. घरात बाळ असेल तर त्याचं दोन थरांचं दुपटं शिवा. कुणीतरी मोठं माणूस जवळ असू द्या आणि बोटं सुईपासून चांगली दोन इंच लांब. मोटरचं मशीन असेल तर सुईत दोरा ओवण्याआधी बटण बंद!