नखाची बुरशी: किती जणांना, कोणाला?

नखाच्या आजारांत जवळपास निम्मा वाटा बुरशीचा असतो. जगभरात प्रौढांपैकी शंभरात पाच ते दहा जणांना ती होते, असा ढोबळ अंदाज आहे. मुलांत ती क्वचितच आढळते, वयाबरोबर मात्र वाढत जाते. मधुमेहींपैकी सुमारे एक तृतीयांश जणांची नखे बुरशीने बाधित असतात, आणि पायाची जखम चिघळण्याचा धोका असल्याने त्यांना या बुरशीकडे दुर्लक्ष करणे सर्वांत महाग पडते.

वऱ्हाडात धोका कामाच्या स्वरूपातून येतो. अमरावती-अकोल्याच्या काळ्या जमिनीत पावसाळाभर कपाशी-सोयाबीनचे निंदण चालते. ओल्या चिखलात बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात आणि ठेच लागलेल्या नखात बुरशी सहज शिरते. उन्हाळ्यात बंद बुटांतला घाम तेच काम करतो. धुणीभांडी करणाऱ्या बायकांच्या हातांना कँडिडा नावाची बुरशी गाठते. आधी नखाच्या कडेला सूज येते, मग नख बिघडते.

नख पिवळट, जाड होते, खालून भुगा निघतो. सोरायसिसमध्ये किंवा मार लागल्यावरही नख असेच दिसते. त्यामुळे नुसत्या नजरेवर मलम घेणे व्यर्थ. नखाचा भुगा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून मगच औषध सुरू करावे. पायाचे नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढते. गोळ्यांचा कोर्स तीन महिन्यांत संपला तरी स्वच्छ नख यायला वर्ष-दीड वर्ष लागते.