‘सिंधुरक्षक’: धक्क्याला बुडालेली पाणबुडी

‘आयएनएस सिंधुरक्षक’ ही भारतीय नौदलाची पाणबुडी १४ ऑगस्ट २०१३ रोजी, मध्यरात्र उलटताच, मुंबईच्या नौदल गोदीत स्फोट होऊन बुडाली. तीन अधिकारी आणि पंधरा नौसैनिक मृत्युमुखी पडले. प्रत्यक्ष युद्धात भारताने एकही पाणबुडी गमावलेली नाही. १९७१ मध्ये विशाखापट्टणमजवळ बुडालेली ‘गाझी’ पाकिस्तानची. ‘सिंधुरक्षक’ गेली ती शांततेच्या काळात, पण युद्धाची शस्त्रे पोटात घेऊन.

सेंट पीटर्सबर्गला बांधलेली ही पाणबुडी डिसेंबर १९९७ मध्ये नौदलात दाखल झाली. रशियन ‘किलो’ वर्गातल्या भारताच्या दहा पाणबुड्यांपैकी ती नववी. लांबी सुमारे ७३ मीटर, टॉर्पेडोच्या नळ्या सहा. डिझेल इंजिनांवर बॅटऱ्या चार्ज करायच्या आणि पाण्याखाली त्यांवर चालायचे, अशी तिची रचना. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन सुटतो. तो साठला तर एक ठिणगीही पुरते. फेब्रुवारी २०१० मध्ये विशाखापट्टणमला याच वायूने पेट घेतला आणि एका नौसैनिकाचा बळी गेला.

पुढे रशियातील सेवेरोद्विन्स्कच्या गोदीत तिची मोठी दुरुस्ती झाली, ‘क्लब’ क्षेपणास्त्रे बसली. जानेवारी २०१३ मध्ये बर्फफोड्या जहाजाच्या मदतीने ती तिथून निघाली. मुंबईत परतून काही महिनेच झाले होते.

गस्तीवर जाण्यासाठी शस्त्रे चढवलेली असतानाच पुढच्या भागात स्फोट झाले. शेजारी उभ्या ‘सिंधुरत्न’ पाणबुडीला किरकोळ झळ लागली; तिथला शस्त्रसाठा पेटला असता तर काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी. मृतदेह शोधायला उतरलेल्या गोताखोरांचे काम भयंकर होते: उष्णतेने वाकून घट्ट बसलेले दरवाजे, तेलकट पाणी, हातभर अंतरावरचेही दिसत नाही. मृतांची ओळख पटवायला डीएनए चाचण्या कराव्या लागल्या.

कॅगच्या २०१७ च्या अहवालात कर्मचाऱ्यांच्या थकव्याचा उल्लेख आहे आणि कामगिरीवर नेमण्यापूर्वी पाणबुडीच्या सज्जतेची नीट पारख झाली नाही, असा ठपकाही आहे. दोष फक्त त्या रात्रीच्या माणसांवर टाकणे मात्र अन्यायाचे ठरेल. नव्या सहा पाणबुड्यांचा करार २००५ मध्येच झाला होता, पहिली २०१२ ला मिळायची होती. ती रखडली आणि ताण जुन्या पाणबुड्यांवर पडला.

‘सिंधुरक्षक’चा सांगाडा २०१४ मध्ये वर काढण्यात आला आणि २०१७ मध्ये अरबी समुद्रात खोल बुडवण्यात आला. रखडलेली पहिली पाणबुडी ‘कलवरी’ त्याच वर्षी १४ डिसेंबरला मुंबईत नौदलात दाखल झाली.