गटिंगच्या यंत्राचा ताळा

टेनिसच्या रॅकेटला तारा बसवून देणाऱ्या कारागिराच्या भिंतीवर सहसा प्रमाणपत्र लटकत नाही. जिमखान्यावर चेंडू उचलणारी मुले मोठी होतात, कुणी मार्कर होतो, कुणी बघून बघून गटिंग शिकतो आणि पुढे त्यावरच घर चालवतो. अशा हातांत कसब येते, पण शब्दाला वजन येत नाही. सभासद रॅकेट परत आणून म्हणतो, "५५ पौंड सांगितले होते, ही ढिली आहे." कारागीर म्हणतो, "साहेब, यंत्रावर ५५च लावले होते." मग खरे कोणाचे धरायचे? पुष्कळदा ज्याचा खिसा मोठा, त्याचेच खरे ठरते. कारागिराला पदरमोड करून पुन्हा तारा घालून द्याव्या लागतात, वर नाव खराब होते ते वेगळेच.

आमचे म्हणणे असे की, हा वाद आवाजावर सुटू नये, आकड्यावर सुटावा. त्यासाठी आकडा आधी खरा असला पाहिजे. आम्ही पडलो कारकुनी पेशातली माणसे. रोकडवहीत शिल्लक दिसली म्हणून ती बँकेत आहेच, असे आम्ही धरत नाही. पासबुकाशी ताळा घेतो. यंत्रावर दिसणारा ५५चा आकडा ही झाली रोकडवही. तारेत प्रत्यक्ष उतरलेला ताण हे पासबुक. दोन्ही जुळतात की नाही, हे वेळच्या वेळी पाहणे म्हणजे यंत्राचा ताळा.

यंत्रे तीन तऱ्हेची

टेनिसच्या रॅकेटला साधारण ५० ते ६० पौंड, म्हणजे २३ ते २७ किलो ताण देतात. बऱ्याच रॅकेटमध्ये १६ उभ्या आणि १९ आडव्या तारा असतात. एकेक उभी तार २५ किलोंनी ओढली, तर १६ तारांचा हिशेब ४०० किलोंवर जातो. एवढा भार ती हलकी चौकट सोसते. म्हणून ताण चुकला तर नुसता खेळ बिघडत नाही. महागडी चौकट वाकण्याची, तडकण्याचीही भीती असते. तार फार ताठ असेल तर चेंडूचा हादरा हाताला जास्त जाणवतो आणि आधीच दुखरे कोपर आणखी दुखते.

पहिले यंत्र वजनाचे. आडव्या दांडीवर वजन सरकवून ताण ठरवतात. दुसरे हँडलचे. त्यात स्प्रिंग असते. हँडल फिरवत गेले की ठरलेल्या ताणाला 'खट्' होऊन ओढ थांबते. तिसरे विजेचे; ते तार सैल पडू लागली की पुन्हा ओढून ताण कायम ठेवते. हँडलच्या यंत्रात ओढ थांबल्यावरही तार थोडी लांबते आणि ताण उतरतो. त्यामुळे आकडा तोच लावला तरी विजेच्या यंत्रावरची रॅकेट जरा ताठ लागते. दुकानात यंत्र बदलले तर हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. निम्मी भांडणे तिथेच मिटतात.

आधी काट्याची परीक्षा

ताळा घेण्यासाठी ताणकाटा लागतो. गटिंगसाठीचा खास काटा मिळतो, पण ४०-५० किलोंपर्यंत मोजणारा चांगला टांगता काटाही चालतो. मात्र काट्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. ओळखीच्या दुकानदाराकडचे शिक्का मारलेले २० किलोंचे वजन त्याला टांगून पाहावे. काटा २० किलो किंवा ४४ पौंड दाखवत असेल तर तो कामाचा. जो स्वतः खोटा, तो दुसऱ्याचा खरेखोटेपणा काय ठरवणार?

आता काट्याच्या दोन्ही टोकांना मजबूत तारेचे तुकडे बांधा. यंत्राची फिरती चौकट हलणार नाही अशी रोखा. एक टोक तिच्यावरच्या पक्क्या खांबाला अडकवा, दुसरे ओढणाऱ्या ग्रिपरमध्ये द्या. काटा व तार सरळ रेषेत असावी. यंत्रावर ५५ लावा, सावकाश आणि एकसारख्या गतीने ओढा. हँडलच्या यंत्रात 'खट्' होताक्षणी आकडा वाचा, कारण नंतर तो उतरू लागतो. असे तीन वेळा करा आणि तिन्ही आकडे लिहून ठेवा. ओढताना तोंड तारेच्या रेषेत आणू नका. तार तुटली तर काटा उडतो. लहान मुलांना तर जवळ उभे राहू देऊ नका.

आकडे काय सांगतात?

समजा तिन्ही वेळा ५२ आले. म्हणजे यंत्र एकाच मापाने कमी ओढते आहे. हा दोष सोपा. यंत्रासोबतच्या पुस्तिकेत दाखवलेला ताळ्याचा स्क्रू थोडा थोडा फिरवा आणि दर वेळी पुन्हा मोजा. विजेच्या यंत्रात हीच दुरुस्ती बहुधा बटणांनी होते.

पण एकदा ५१, एकदा ५६, एकदा ५३ असे आले तर? तेव्हा स्क्रूला हात लावू नका. तार ग्रिपरमध्ये घसरते आहे, कुठेतरी मळ साचला आहे, हँडल कधी जोरात तर कधी हळू फिरते आहे किंवा एखादा भाग झिजला आहे. आधी ते शोधा. हिशेबातही रोज तेवढीच तूट येत असेल तर तिचे कारण लवकर सापडते. रोज वेगळी येत असेल तर सगळ्या पावत्या चाळाव्या लागतात.

वजनाच्या यंत्रात दांडी आडवी, जमिनीला समांतर असणे महत्त्वाचे. ती १० अंश कलली तर ताण सुमारे दीड टक्का कमी होतो. २० अंश कलली तर ६ टक्के. म्हणजे ५५चे ५२च्याही खाली येतात. म्हणून टेबल गवंड्याच्या पाणसळीने तपासून घ्यावे.

निगा रोजची

तारेवर मेण किंवा तेलकट लेप असतो. तो क्लॅम्पच्या दातांत बसतो आणि तार सरकू लागते. अशा वेळी क्लॅम्प आणखी आवळण्याचा मोह होतो, पण त्याने तार चेचली जाते. जुन्या दातघासणीने, सर्जिकल स्पिरिट लावून दात साफ करावेत आणि पूर्ण वाळू द्यावेत. स्पिरिट पेट घेते, म्हणून जवळ आग नको आणि यंत्राचा प्लग काढलेला हवा. दातांना तेल कधीही लावू नये. क्लॅम्प ज्या पट्ट्यांवर सरकतात त्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात. तेल द्यायचे तर पुस्तिकेत सांगितले आहे तिथेच, थेंबभर. रॅकेटला टेकणारे रबर फाटले असेल तर बदलावे, नाहीतर चौकटीवर ओरखडे येतात. पावसाळ्यात यंत्र सुती चादरीने झाकावे आणि गंज कुठे धरतो आहे का, हे पाहत राहावे.

हँडलच्या यंत्राचा ताळा आठवड्यातून एकदा, स्पर्धेच्या दिवसांत रोज सकाळी आणि यंत्र हलवले की प्रत्येक वेळी घ्यावा. जास्त काम असेल तर वजनाच्या आणि विजेच्या यंत्रांचेही महिन्यातून एकदा तरी पाहावे.

वही ठेवा

शेवटची गोष्ट आमच्या धंद्यातली. दहा-वीस रुपयांची वही घ्या. एका बाजूला ताळ्याची तारीख आणि तीन आकडे. दुसऱ्या बाजूला रॅकेट कोणाची, तार कोणती, ताण किती मागितला, काम कधी झाले. तार बसवल्यावर पहिल्या चोवीस तासांतच काही ताण आपोआप उतरतो, हेही गिऱ्हाइकाला सांगा. तक्रार आली तर आवाज न चढवता वही उघडा, काटा टेबलावर ठेवा आणि त्याच्यासमोरच मोजून दाखवा.

चूक यंत्राची निघाली तर काम पुन्हा करून द्यावे, त्यात कमीपणा नाही. पण चूक नसेल, तर मान खाली घालण्याचेही कारण नाही. कर्ज काढून यंत्र घेतलेल्या पोराला बाजारात उभे राहायचे असेल तर गोड बोलणे पुरत नाही. रविवारी सकाळी अर्धा तास यंत्राला द्यावा आणि आलेले आकडे त्याच वेळी वहीत उतरवून ठेवावेत.