चीनची झेप: आशियापुरती की जगभर?

उदयोन्मुख राष्ट्राला केवळ आपल्या भोवतालच्या प्रदेशात वर्चस्व हवे असते की साऱ्या जगावर, हा प्रश्न आज चीनच्या संदर्भात विचारला जात असला, तरी त्याचे उत्तर शोधताना चिनी नेत्यांच्या घोषणांपेक्षा चीनचा भूगोल पाहणे अधिक उपयुक्त ठरते. जपानपासून तैवानमार्गे फिलिपिन्सपर्यंत पसरलेल्या ज्या बेटांच्या रांगेला सामरिक परिभाषेत ‘पहिली बेटसाखळी’ म्हणतात, तिच्यातील जपान आणि फिलिपिन्स अमेरिकेशी संरक्षण करारांनी बांधलेले आहेत आणि तैवानलाही अमेरिकी शस्त्रे मिळतात. त्यामुळे चिनी नौदलाला खुल्या प्रशांत महासागरात जाण्यासाठी इतरांच्या पहाऱ्यातील सामुद्रधुन्या ओलांडाव्या लागतात.

अमेरिकेच्या वाट्याला अशी कोंडी आली नाही. युरोपीय सत्तांनी अमेरिका खंडांत नव्या वसाहती स्थापू नयेत, असे बजावणारा मन्रो सिद्धान्त तिने १८२३ मध्ये मांडला आणि १८९८ मध्ये स्पेनचा पराभव करून कॅरिबियन समुद्रात आपला जम बसवला. म्हणजे जगभर पसरण्यापूर्वी तिचे अंगण बहुतांशी मोकळे झाले होते.

चीनला मात्र अंगण मोकळे होण्याआधीच दूर जावे लागत आहे. त्याच्या गरजेचे बहुतांश खनिज तेल आयात होते आणि त्यातील मोठा भाग मलाक्काच्या अरुंद सामुद्रधुनीतून येतो, त्यामुळे युद्धप्रसंगी ही वाट अडवली जाण्याची भीती बीजिंगला सतत वाटते. २००८ च्या अखेरीपासून एडनच्या आखातात चाचेगिरीविरोधात गस्त घालणाऱ्या चिनी युद्धनौका आणि २०१७ मध्ये जिबुती येथे उभारलेला चीनचा पहिला परदेशी लष्करी तळ यांमागे ही भीती निश्चितच आहे. परंतु वाट राखण्यासाठी उभारलेले सामर्थ्य इतरांची वाट अडवण्यासाठीही वापरता येते, हे भारतासारख्या शेजाऱ्याला नजरेआड करता येणार नाही.

तरीही चीनच्या हेतूची खरी कसोटी जिबुतीत नव्हे, तर दक्षिण चीन समुद्रात लागते. तेथील ऐतिहासिक हक्कांच्या चिनी दाव्याला कायदेशीर आधार नाही, असा निर्णय हेग येथील लवादाने २०१६ मध्ये दिला. चीनने तो धुडकावला आणि स्कारबोरो शोल या प्रवाळखडकाभोवती पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या फिलिपिनो मच्छीमारांना चिनी तटरक्षक नौकांकडून होणारा अडथळा त्यानंतरही थांबला नाही. चीनची आकांक्षा प्रादेशिक ठरवली काय किंवा जागतिक, या मच्छीमारांवरील अन्याय त्यामुळे तसूभरही कमी होत नाही.