कोळंबी मरत नाही, पण वाढतही नाही

धुळे जिल्ह्यातील सोनगीर हे गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी आणि महामार्गालगतच्या किल्ल्यासाठी ओळखले जाते. येथून मुंबई रस्त्याने तीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. तरीही खानदेशाला समुद्र अगदीच अनोळखी नाही. आठवडे बाजारात सुकट आणि बोंबील विकायला येतात आणि भाकरीबरोबर सुकटीची चटणी अनेक घरांत होते. ही सुकट म्हणजे समुद्रात जाळ्याने पकडून उन्हात वाळवलेला जवळा. निर्यातीच्या मोठ्या कोळंबीची गोष्ट मात्र निराळी आहे. ती आज बहुतांशी समुद्रातून येत नाही, किनाऱ्यालगतच्या तळ्यांत वाढवली जाते. महाराष्ट्रात पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील खाडीकाठच्या जमिनींवर अशी तळी आहेत. हा धंदा गेल्या काही वर्षांत ज्या रोगाने बेजार झाला आहे, त्यात तळ्यात मेलेल्या कोळंबीचा खच पडत नाही. शेतकऱ्याला तो उशिरा कळतो याचे कारणही हेच.

किडामुंगीला, अळीला रोग होतो ही गोष्ट खानदेशातील शेतकऱ्याला नवी नाही. हरभऱ्यावरील घाटेअळीसाठी एचएएनपीव्ही या विषाणूची फवारणी केली जाते. रोग लागलेल्या अळ्या झाडाच्या शेंड्याकडे जाऊन उलट्या लटकतात आणि मरतात. तेथे रोग हा शेतकऱ्याचा मित्र असतो. कोळंबी हीदेखील अळीप्रमाणेच पाठीचा कणा नसलेली, कवचधारी, सांधेदार पायांची प्राणी. फरक एवढाच की येथे तीच शेतकऱ्याचे पीक असते.

कोळंबीच्या शरीराची रचना समजून घेतली तर पुढचे बरेचसे उलगडते. माणसाच्या रक्तात प्राणवायू वाहून नेण्याचे काम लोह असलेले हिमोग्लोबिन करते. कोळंबीत हे काम हिमोसायनिन हे प्रथिन करते आणि त्यात लोहाऐवजी तांबे असते. त्यामुळे तिच्या रक्ताला निळसर छटा येते. सोनगीरच्या कारागिरांच्या हाताखालून जाणारा धातू कोळंबीच्या अंगात असा खेळत असतो. हे हिमोसायनिन डोक्याच्या कवचाखाली असलेल्या एका तपकिरी ग्रंथीत तयार होते. शास्त्रज्ञ तिला हिपॅटोपँक्रियास म्हणतात. आपल्या शरीरात यकृत आणि स्वादुपिंड वेगवेगळी असतात, कोळंबीत ही एकच ग्रंथी दोन्हींची कामे करते. पाचकरस सोडणे, पचलेले अन्न शोषणे, चरबी साठवून ठेवणे हे सारे तिच्याकडे असते. कोळंबी वाढते ती कात टाकून, आणि प्रत्येक वेळी नवे कवच घडवण्यासाठी लागणारी शिदोरी याच ग्रंथीत असते.

ज्या परजीवीची ही कथा आहे, तो नेमका या ग्रंथीत शिरतो. त्याचे नाव एन्टेरोसायटोझून हेपॅटोपेनी. शेतकरी आणि तंत्रज्ञ त्याला ईएचपी म्हणतात. तो विषाणू नाही आणि जिवाणूही नाही. बुरशीच्या कुळाशी नाते सांगणाऱ्या मायक्रोस्पोरिडिया या सूक्ष्मजीवांच्या गटातला तो आहे. २००४ च्या सुमारास थायलंडमधील तळ्यांत वाघी कोळंबी वाढेनाशी झाली. कारणाचा शोध घेताना हा जीव आढळला आणि २००९ मध्ये त्याचे रीतसर वर्णन होऊन नामकरण झाले. योगायोग असा की त्याच वर्षी भारताने व्हॅनामी या मूळच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील पांढऱ्या कोळंबीच्या व्यापारी संवर्धनाला परवानगी दिली. २०१५-१६ च्या सुमारास भारतीय तळ्यांतही ईएचपीची नोंद झाली.

ईएचपीचा बीजाणू लांबीला मिलिमीटरच्या जेमतेम हजाराव्या भागाएवढा असतो. त्याच्या आत एक सूक्ष्म नळी स्प्रिंगसारखी पाच-सहा वेटोळी घालून बसलेली असते. बीजाणू कोळंबीच्या पोटात पोहोचला की ही नळी क्षणार्धात बाहेर फेकली जाते आणि ग्रंथीतील पेशीच्या आवरणात घुसते. इंजेक्शनच्या सुईतून औषध जावे, तसा परजीवीचा सारा ऐवज त्या नळीतून पेशीत उतरतो. आत गेल्यावर तो वाढतो, विभागतो, आणि एका बीजाणूचे अनेक होतात. शेवटी पेशी फुटते. बाहेर पडलेले बीजाणू शेजारच्या पेशींत शिरतात किंवा विष्ठेवाटे पाण्यात येतात.

पण पेशी फुटणे हे नुकसान शेवटचे. खरी हानी त्याआधीच सुरू होते. बहुतेक सजीव पेशी साखर जाळून ऊर्जा मिळवतात. ईएचपीच्या जनुकांचा अभ्यास झाला तेव्हा असे दिसले की साखरेपासून ऊर्जा काढण्याची मूलभूत यंत्रणाच त्याने उत्क्रांतीच्या ओघात गमावली आहे. चूल नसलेल्या भाडेकरूने घरमालकाच्या ताटातले रोज उचलावे, तसा तो पेशीने तयार केलेली ऊर्जा आयती पळवतो. यजमान मेला तर पुरवठा थांबतो, म्हणून त्याला मारण्याची घाई या जीवाला नाही. कोळंबी खाद्य खात राहते, मात्र त्या खाद्याचे मांस होत नाही.

१९९४ पासून भारतातील वाघी कोळंबीचे संवर्धन उद्ध्वस्त करणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग याच्या नेमका उलट. तो विषाणूचा रोग. कवचावर ठिपके उमटतात आणि तीन ते दहा दिवसांत तळेच्या तळे मरते. नुकसान भयंकर, पण डोळ्यांसमोर झालेले. ईएचपीत पहिला महिना सारे ठीक भासते. नंतर एकाच तळ्यात काही कोळंबी मोठी, काही खुरटलेली दिसू लागते. कधी पाण्यावर विष्ठेचे पांढरे दोरे तरंगतात. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी देशातील कोळंबीरोगांच्या नुकसानीचा हिशेब मांडला, तेव्हा ईएचपीचे नुकसान पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगापेक्षाही जास्त भरले.

त्यामागचे गणित सोपे आहे. कोळंबीचा भाव 'काउंट'वर, म्हणजे एका किलोत किती नग बसतात त्यावर ठरतो. तीस काउंटची कोळंबी सुमारे तेहतीस ग्रॅमची, तर साठ काउंटची जेमतेम सतरा ग्रॅमची. लहान नगांना किलोमागे भावही कमी. उत्पादनखर्चाचा निम्म्याहून अधिक भाग खाद्याचा असतो आणि तो तर पाण्यात गेलेलाच असतो. त्यातच ग्रंथी दुबळी झालेली कोळंबी व्हिब्रिओसारख्या जिवाणूंना सहज बळी पडते. मग शेतकरी प्रतिजैविकांकडे वळतो, आणि हा उपाय दुहेरी अंगलट येतो. बुरशीच्या कुळातील या जीवावर जिवाणूनाशक औषधांचा उपयोग नाही, आणि मालात बंदी असलेल्या औषधाचा अंश सापडला तर परदेशातून माल परत येतो. संसर्ग मुळापासून काढणारे सर्वमान्य औषध अद्याप हाती आलेले नाही.

लस का नाही, हा प्रश्न साहजिक आहे. माणसाचे किंवा जनावराचे शरीर एकदा भेटलेल्या रोगजंतूची ओळख ठेवते आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. कोळंबी, खेकडा, कालव यांच्याजवळ प्रतिपिंडेच नाहीत. त्यांची भिस्त रक्तातील भक्षक पेशींवर आणि काही जंतुनाशक प्रथिनांवर. या भक्षक पेशींनाही चकवणारे परजीवी आहेत. कालवांना ग्रासणारा पर्किन्सस हा एकपेशीय जीव त्यांतलाच. कालवाच्या भक्षक पेशी त्याला गिळतात, पण तो पचत नाही. उलट त्यांच्या पोटातच वाढतो आणि त्यांच्याच बरोबर अंगभर फिरतो. अमेरिकेतील चेसापीक उपसागरातील कालवांच्या ऱ्हासात त्याचा मोठा वाटा आहे. पाणी उबदार आणि खारट असेल तेव्हा त्याचा जोर वाढतो. भारताच्या किनाऱ्यावरील कालवांतही तो आढळला आहे.

औषध नाही, लस नाही, तेव्हा भर राहतो तो बियाण्यावर. येथे दीडशे वर्षांपूर्वीचा एक धडा उपयोगी पडतो. फ्रान्समधील रेशीमकिड्यांना पेब्रिन या रोगाने ग्रासले होते. त्याचे कारण असलेला नोसेमा हाही मायक्रोस्पोरिडिया गटातलाच. १८६५ मध्ये लुई पाश्चर यांच्याकडे हे काम आले. त्यांनी सुचवलेली रीत अशी की अंडी घातल्यानंतर मादी पतंग वाटून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी आणि बीजाणू दिसले तर तिची सारी अंडी नष्ट करावीत. भारतातील रेशीमबीज केंद्रांत ही तपासणी आजही होते. कोळंबीच्या बाबतीत पतंगाची जागा मातृकोळंबीने घेतली आहे आणि सूक्ष्मदर्शकाच्या जोडीला पीसीआर चाचणी आली आहे. मातृकोळंबीला मारण्याची गरज नसते, तिच्या विष्ठेचा नमुना पुरतो. परदेशातून येणारी रोगमुक्त मातृकोळंबी चेन्नईजवळच्या नीलांकराई येथील विलगीकरण केंद्रातून जाते. पण पुढे बीजोत्पादन केंद्रात तिला जिवंत सागरी कृमींचे खाद्य दिले जाते, आणि ते कृमी बीजाणू वाहत असतील तर आधीची सारी दक्षता वाया जाते. म्हणून कोळंबीबीज विकत घेताना त्याचा चाचणी अहवाल मागणे हाच शेतकऱ्याच्या हातातला पहिला उपाय. चाचणीचा खर्च हंगामाच्या खाद्यखर्चापुढे नगण्य आहे.

दुसरा उपाय तळ्याच्या तळाशी आहे. कोळंबी विष्ठा चिवडते, मेलेल्या सोबतिणीला खाते, आणि बीजाणू असे पुन्हा पोटात जातात. पीक निघाल्यावरही ते चिखलात टिकून राहतात. यासाठी तळे पूर्ण वाळवून हेक्टरी सहा टन कळीचा चुना टाकावा, दहा-बारा सेंटिमीटर खोल नांगरून तो मातीत मिसळावा आणि मग माती ओली करावी, अशी शिफारस आहे. मातीचा सामू बाराच्या वर चढला की बीजाणू निकामी होतात. वरवर चुना भुरभुरून हे साधत नाही. महिनाभराची विश्रांती न देता दुसरे पीक घेण्याची घाई झाली, तर हाच टप्पा सर्वांत आधी गाळला जातो.

खाणाऱ्याला या रोगापासून भीती नाही. ईएचपी माणसाला होत असल्याची नोंद नाही. खुरटलेली कोळंबी स्वस्तात देशी बाजारात येते आणि चवीत फारसा फरक पडत नाही. धोका आहे तो सोललेल्या डोक्यांचा. रोगट ग्रंथी तेथेच असते, आणि ही डोकी कच्चीच खाडीत फेकली गेली तर भरतीचे पाणी ती पुढच्या तळ्याच्या तोंडाशी नेऊन ठेवते.